सागरगोट्याची साक्ष

सागरगोटा हातात घेऊन कधी नीट पाहिलाय का? शिशासारखा राखाडी रंग, तेलाचं बोट फिरवून पुसून ठेवल्यासारखी तकाकी, अंगावर अगदी बारीक आडव्या रेषा, आणि कवच असं की दाढेखाली फुटायचं नाव नाही. आमच्या पिढीच्या बायकांचे हात या बियांवर तयार झाले. एक वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. मुलगे तो फरशीवर घासून तापवायचे आणि शेजारच्याला चटका द्यायचे. पुढे लेकुरवाळ्या झालो, तेव्हा बाळगुटीच्या सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्या रांगेत हा पुन्हा भेटला.

बी ओळखीचं असलं तरी ते ज्या झुडपाला येतं, ते पुष्कळांनी पाहिलेलं नसतं. समुद्राकाठी, पुळणीच्या वरच्या अंगाला, हे अस्ताव्यस्त वाढतं. फांद्या, पानांचे दांडे, शेंगा, सगळीकडे काटे, आणि तेही आकड्यासारखे वाकडे. पदर अडकला की सुटत नाही. फुलं पिवळी, शेंग चपटी फुगीर आणि काट्यांनी भरलेली, आत बहुधा एक किंवा दोन बिया. चिंच, तूर, बाभूळ ज्या शेंगवाल्या कुळातले, त्याच कुळातलं हे. कोकणात काही ठिकाणी कुंपणाला लावतात, कारण यातून गुरं शिरत नाहीत.

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. वनस्पतिशास्त्र माझा विषय नव्हे. पण निवृत्तीनंतर शब्दांच्या मागे लागायचा नाद लागला, आणि सागरगोट्याच्या नावांमागे जाता जाता मी एका निराळ्याच दालनात पोचले. वाळवलेल्या झाडांच्या दप्तरखान्यात! आजचा लेख त्याबद्दल.

आधी नावांची गंमत. आपण म्हणतो गोटा, म्हणजे खेळायची गोटी. देशावर म्हणतात गजगा, कानडीतही जवळजवळ तेच. इंग्रजीत याला म्हणतात ‘निकर नट’, आणि तो ‘निकर’ बहुधा डच ‘क्निकर’वरून आलेला, क्निकर म्हणजे गोटीच. अंबोन बेटावर डच कंपनीच्या चाकरीत असलेला रम्फियस नावाचा एक विद्वान होता. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्याने तिथल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ पुरा केला. त्याने लॅटिनमध्ये या झुडपाला जे नाव दिलं, त्याचा सरळ अर्थ ‘गोट्यांचं झुडूप’. शास्त्रीय नावातला ‘बॉन्डक’ आला अरबी ‘बुंदुक’वरून. बुंदुक म्हणजे एक गोल कवचाचं फळ, त्यावरून गोळी, आणि गोळी उडवणारी ती बंदूक, असं बहुतेक कोशकार सांगतात. म्हणजे बाळगुटीतली वस्तू आणि पोलिसाच्या खांद्यावरची वस्तू, दोघी एकाच शब्दाच्या लेकी!

एकमेकांची तोंडं न पाहिलेल्या माणसांनी एकाच बीला खेळावरून नावं दिली. पण लोकांच्या तोंडच्या नावांना एक मर्यादा असते. एका गावाचा गजगा दुसऱ्या गावात वेगळंच काही असू शकतो. मग जगातल्या दोन टोकांच्या दोन माणसांनी आपण एकाच झाडाबद्दल बोलतोय हे ठरवायचं कसं?

यावर सोळाव्या शतकात इटलीत एक साधा तोडगा निघाला. लुका गिनी नावाचा अध्यापक झाडाच्या फांद्या कागदांत दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवू लागला. त्याचा शिष्य अँड्रिया चेसाल्पिनो. त्याने १५६३ साली तयार केलेला ७६८ वनस्पतींचा संग्रह आजही फ्लॉरेन्समध्ये आहे. साडेचारशे वर्षं होऊन गेली, पानं अजून पानांसारखी दिसतात. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. सागरगोट्याच्या नात्यातल्या एका मोठ्या प्रजातीला पुढे याच चेसाल्पिनोचं नाव मिळालं, ‘सीसाल्पिनिया’. आणि खुद्द सागरगोट्याला मिळालं ते त्याच्याच काळातल्या ग्विलांडिनस याचं. पूर्वेच्या प्रवासात हा चाच्यांच्या हाती सापडला, मित्राने पैसे भरून सोडवला आणि मग पादुआच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख झाला. त्याच्यावरून ‘ग्विलांडिना’.

हर्बेरियमचा एक कागद म्हणजे काय, हे मी मुलांना सांगितलं असतं तर ताम्रपटाचं उदाहरण दिलं असतं. ताम्रपटात कोणी, कोणाला, कधी, कुठली जमीन दिली हे असतं, आणि साक्षीला कोण होतं हेही असतं. या कागदावरही तसंच. साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असा जाड कागद, त्यावर फुलाफळांसह एक फांदी, आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, गोळा करणारा. फरक एवढाच की ताम्रपटात जमिनीचं फक्त वर्णन असतं. इथे वस्तू स्वतःच हजर असते. सागरगोट्याला कागदावर बसवणं मात्र सोपं नाही. पान हातभर लांब, त्याचा तुकडाच मावतो. काटे कागद फाडतात. शेंगा दाबता येत नाहीत, त्या वेगळ्या पाकिटात घालून जोडाव्या लागतात.

आता या झुडपाची मुख्य गोष्ट. रायगडावर राज्याभिषेक झाला १६७४ साली. त्याच सुमाराला खाली सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पॉल हेरमान नावाचा जर्मन वैद्य डच कंपनीच्या नोकरीत होता. १६७२ मध्ये तो तिथे पोचला आणि पुढची पाच वर्षं झाडं गोळा करत, वाळवत राहिला. परत जाऊन लायडनला प्राध्यापक झाला. १६९५ मध्ये वारला. त्याचा संग्रह लोकांच्या नजरेआड गेला.

मग १७४४ साली कोपनहेगनच्या एका औषधनिर्मात्याकडे काही जुने बांधीव खंड निघाले. त्याने ते पाहायला पाठवले स्वीडनमध्ये कार्ल लिनियसकडे. वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, तोच हा लिनियस. त्याने ओळखलं की हा हेरमानचा हरवलेला संग्रह! एकेक पान तपासून त्याने १७४७ मध्ये सिंहलद्वीपाच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिलं आणि १७५३ च्या आपल्या महाग्रंथात त्यांना नावं दिली. त्यात सागरगोटा झाला ‘ग्विलांडिना बॉन्डक’. पुढे हे खंड हस्ते-परहस्ते फिरत १७९३ मध्ये जोसेफ बँक्स यांनी ७५ पौंडांना विकत घेतले. आज ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १७६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत लिनियसने एकाचे दोन केले. पिवळट बियांच्या भावंडाला त्याने ‘बॉन्डक’ म्हटलं आणि आपल्या राखाडी सागरगोट्याला नवं नाव दिलं, ‘बॉन्ड्यूसेला’. लोकांनी ही दुसरी आवृत्ती उचलली. आपल्याकडे थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. कूक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या ग्रंथातही सागरगोटा ‘बॉन्ड्यूसेला’च आहे. तिकडे वेस्ट इंडीजकडच्या काही ग्रंथांत तिसरीच तऱ्हा. तिथे सागरगोट्याला म्हणू लागले ‘सीसाल्पिनिया क्रिस्टा’. वास्तविक क्रिस्टा ही दुसरीच वेल. तीही समुद्राकाठची, पण तिची शेंग बिनकाट्याची आणि आत एकच चपटं बी. म्हणजे झाडं तीन, नावं तीन, आणि कोणाच्या अंगावर कोणाचं नाव याचा पत्ता नाही. जत्रेत पोरांच्या टोप्या बदलाव्यात तसं.

हा घोळ सोडवला १९३८ साली डँडी आणि एक्झेल या दोन ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी, एका छोट्या लेखात. त्यांनी जुनी पुस्तकं तपासलीच, पण निकाल दिला तो कागदावरच्या फांद्यांनी. १७५३ मध्ये लिनियसने ‘बॉन्डक’ म्हटलं तेव्हा त्याच्यासमोर हेरमानची कोणती फांदी होती? ती राखाडी सागरगोट्याची होती. आणि ‘क्रिस्टा’ म्हटलं तेव्हा? तीही हेरमानच्याच संग्रहात होती, ती वेगळी वेल. प्रश्न मिटला. पहिलं नाव ज्याचं त्याला परत मिळालं आणि सागरगोटा झाला ‘सीसाल्पिनिया बॉन्डक’. पुढे २०१६ मध्ये या गटातल्या झाडांच्या डीएनएच्या अभ्यासावरून पुन्हा मांडणी झाली आणि तो परत ‘ग्विलांडिना बॉन्डक’ म्हणून आपल्या मूळ घरी गेला.

मला या प्रसंगात सर्वांत मोठं काय वाटतं सांगू? खुद्द लिनियसचा शब्दही शेवटचा ठरला नाही. त्याने दुसऱ्या आवृत्तीत जे लिहिलं, त्यापेक्षा त्याच्यासमोर जे होतं ते मोठं ठरलं. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून खरं, अशा वातावरणात आम्ही वाढलो. पण इथे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी वाळलेली एक काटेरी फांदी पुढे आली आणि म्हणाली, ती मी. ज्याने ती जपून ठेवली त्याला हे ठाऊकही नव्हतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने याहून वेगळं काय शिकायचं असतं?

आता थोडं समुद्राविषयी. जुने कागद एकत्र ठेवून पाहिले की एक नवल दिसतं. सिंहलद्वीपातला सागरगोटा, मलबारातला, अंबोनचा आणि पार पलीकडे वेस्ट इंडीजमधला, सगळे एकच! मध्ये एवढाले महासागर, मग हा गेला कसा? हान्स स्लोन नावाचा डॉक्टर १६८७ मध्ये जमैकाला गेला. गुलामांच्या घामावर ऊसमळे चालत होते, ते हे बेट. तिथून त्याने शेकडो वनस्पती वाळवून आणल्या. पुढे त्याला समजलं की स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यावर काही चमत्कारिक बिया वाहून येतात. तिथल्या थंडीत असलं झाड उगवणं शक्य नाही. स्लोनने १६९६ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यातल्या बिया त्याने जमैकात पाहिलेल्या होत्या, आणि त्यांत आपला राखाडी गोटाही होता. समुद्राच्या प्रवाहांनी त्या नेल्या असाव्यात, असा त्याने तर्क केला.

मग प्रश्न राहतो की इतकं पाण्यात राहून बी जिवंत राहतं का? याचंही उत्तर मिळालं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडलेलं एक बी कोणीतरी रुजवलं, त्याचं रोप वाढवलं आणि त्याचं चित्र बँक्स यांच्याकडे पाठवलं. रोप निःसंशय सागरगोट्याचं होतं, हे रॉबर्ट ब्राउन या शास्त्रज्ञाने १८१८ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. टणक कवच आणि आत थोडी हवेची पोकळी, या दोन गोष्टींवर हे बी सागर तरून जातं. आपल्या बायकांनी याला ‘सागर’गोटा म्हटलं ते उगाच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या बेटांवर तर वाहून आलेल्या अशा बिया मुलांच्या गळ्यात बांधत, दृष्ट लागू नये म्हणून. तिथल्या आया आणि आपल्या आज्या भेटल्या असत्या तर भाषेवाचूनही जमलं असतं त्यांचं.

हर्बेरियमच्या त्या चिठ्ठीविषयी मात्र माझी एक तक्रार आहे. तिच्यावर गोळा करणाऱ्याचं नाव असतं, दाखवणाऱ्याचं नसतं. हेरमानला झुडूप कोणी दाखवलं? हात ओरबाडून घेत फांदी कोणी तोडली? कागद बोलत नाही. जमैकात स्लोनच्या चिठ्ठ्यांमागे जे गुलाम उभे होते, त्यांच्याबद्दलही बहुतेक ठिकाणी मौनच आहे.

याला एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. कोचीनला डच गव्हर्नर असलेल्या हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. दुसऱ्या खंडात ‘करेट्टी’ या नावाने सागरगोट्याचं चित्र आहे. या ग्रंथाच्या आरंभी मदत करणाऱ्यांची नावं छापली आहेत. इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मण. या तिघांचं निवेदन कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेलं असून त्यावर तारीख आहे २० एप्रिल १६७५. राज्याभिषेकाला वर्षही झालं नव्हतं! गोव्याकडून मलबारात गेलेल्या समाजातली ही माणसं. त्यांची अक्षरं युरोपात छापली गेली, ती कशामुळे? त्यांना झाडं ठाऊक होती म्हणून. आणि कोणीतरी त्यांचं नाव लिहून ठेवलं म्हणून.

कोणी म्हणेल, बाई, नावाचं एवढं काय घेऊन बसलात? गोटा तो गोटा. पण गोष्ट औषधाची आली की नाव जड होतं. सागरगोट्याचा मगज कडू. हिवतापावर तो पूर्वापार देत. १८६८ च्या ब्रिटिशकालीन भारतीय औषधसंहितेत त्याला अधिकृत जागा होती. आयुर्वेदातला लताकरंज तो हाच. पण लताकरंजापुढे ‘क्रिस्टा’ हे परकं नाव अजूनही पुस्तकांतून छापलेलं आढळतं. आता समजा, एखाद्याने ‘क्रिस्टा’वर संशोधन केलं. त्याने नेमकं कोणतं बी वाटलं, काटेरी शेंगेतलं की बिनकाट्याच्या? त्याने त्या झुडपाची एक फांदी वाळवून संग्रहात ठेवली असेल तर पन्नास वर्षांनीही उत्तर मिळेल. नसेल ठेवली, तर सारी मेहनत संशयात गेली. म्हणून आता संशोधकाने असा साक्षीचा कागद ठेवावा असा आग्रह धरतात.

आपल्याकडे असे दप्तरखाने आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे. तिथल्या कपाटांत कोकणातल्या जुन्या गावांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या कित्येक ठिकाणी आज गेलात तर झुडूप सोडा, पुळणसुद्धा सापडणार नाही. दगडी बंधारा झाला, रस्ता आला, सुरूची लागवड झाली, राहुट्यांची विश्रामगृहं उभी राहिली. काटेरी झुडूप कोणाला हवं असतं? आधी तेच तोडतात.

सागरगोटा जगातून नाहीसा होणार नाही. सागर ओलांडणाऱ्या जातीचा तो, कुठे ना कुठे रुजेलच. पण तो आपल्या गावच्या किनाऱ्यावर होता, हे सांगणारी माणसं एकेक करून चाललीत. आमच्यानंतर ‘इथे सागरगोट्याची जाळी होती’ हे नुसतं सांगोवांगी उरेल, आणि सांगोवांगीला कोर्टात किंमत नसते, इतिहासातही फारशी नाही.

तेव्हा गावाकडे राहणाऱ्या आणि सुट्टीत जाणाऱ्या माझ्या भाचरांना एक काम सांगते. पुळणीवर अजून जाळी असेल तर फुलाची एक आणि शेंगेची एक फांदी कापा. हातात जाड फडकं घ्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवून वर जातं किंवा जाडजूड पुस्तकं ठेवा. रोज कागद बदला, नाहीतर दमट हवेत बुरशी येते. पुरती वाळली की जाड कागदावर दोऱ्याने टाचा. मग गावातल्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना किंवा सरांना नेऊन दाखवा. पुढची वाट ते सांगतील.

आणि चिठ्ठी नीट लिहा. गाव, वाडी, तारीख. भरतीच्या रेघेपासून किती पावलं. गावात तिला काय म्हणतात. आणि सर्वांत खाली एक ओळ वाढवा, जी हेरमानने लिहिली नाही: ही जाळी कोणी दाखवली. एखादी म्हातारी असेल, एखादा गुराखी असेल. त्याचं किंवा तिचं पूर्ण नाव विचारून घ्या आणि शुद्ध लिहा.